प्रयोगशाळेतलं लिव्हर येईपर्यंत थांबावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याकडच्या एका गृहस्थांच्या धाकट्या भावाला, वय ४४, हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस झालाय, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होत गेलंय. पोटात दोनदा पाणी झालं, एकदा रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढलाय. भावजय आपल्या लिव्हरचा भाग द्यायला तयार आहे, पण तपासणीत तिच्याच लिव्हरवर चरबी निघाली. त्यातच यांच्या वाचनात आलं, की आता प्रयोगशाळेत माणसाचं लिव्हर तयार करतात. म्हणून ते विचारतात: दोन वर्षं कळ काढली तर असं लिव्हर मिळेल का? आणि स्टेम सेलची, म्हणजे मूळपेशींची, चार इंजेक्शनं देऊन ऑपरेशन टाळून देतो म्हणणारा एकजण भेटलाय, त्याचं ऐकावं का?

उत्तर आधी सांगते, कारण घरात आजारी माणूस असताना लांबलचक शास्त्र वाचायचं त्राण कोणात नसतं. थांबू नका. सिरॉसिसच्या रुग्णाला बसवता येईल असं प्रयोगशाळेत घडवलेलं पूर्ण लिव्हर दोन वर्षांत मिळणार नाही, आणि पाच वर्षांतही मिळेल असं मला वाटत नाही. इंजेक्शनवाल्याला पैसे देऊ नका. भावजयीच्या लिव्हरवरची चरबी हा मात्र शेवटचा निकाल नाही. त्याबद्दल अगदी शेवटी लिहिलंय आणि तुमच्या कामाचं सगळ्यात जास्त तेच आहे, वेळ नसेल तर सरळ तिथे जा. मधलं सगळं सवडीने वाचा.

मी गेली २१ वर्षं लिव्हरच्या पेशींवर काम करते. पहिली सहा वर्षं परदेशातल्या एका रुग्णालयाच्या पेशी-प्रयोगशाळेत, नंतर पुण्यात. प्रत्यारोपणासाठी नाकारलेली लिव्हरं आमच्याकडे यायची, आणि त्यातून जिवंत पेशी वेगळ्या करायचं काम माझं असे. पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेत, नळी बसवून आधी कॅल्शियम नसलेलं, अंगाच्या उबेइतकं कोमट द्रावण सोडायचं. त्याने पेशींची एकमेकींवरची पकड सैल होते. मग कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम. बघता बघता तो घट्ट, तुळतुळीत अवयव बोटाखाली दबायला लागतो, दुधात भिजलेल्या पावासारखा. वरचं पातळ आवरण फाडून हलक्या हाताने हलवलं की पेशी तपकिरी ढगासारख्या भांड्यात उतरतात. मग ट्रिपॅन ब्लू नावाचा रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. निळ्या झाल्या त्या मेलेल्या, रंग न घेतलेल्या त्या जिवंत. रात्री अडीचला आलेल्या लिव्हरमधून पहाटेपर्यंत सत्तर टक्के जिवंत पेशी निघाल्या, की आम्ही सण असल्यासारखे खूश व्हायचो.

पण त्याच पेशी प्लास्टिकच्या ताटलीत ठेवल्या, की दोन-चार दिवसांत आपलं काम विसरायला लागायच्या. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बनवणं कमी, औषधं मोडणारी एन्झाइमं कमी, आकारही पसरट. खायला सगळं दिलेलं, तापमान बरोबर, जंतुसंसर्ग नाही, तरीही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हिपॅटोसाइट, म्हणजे लिव्हरची मुख्य पेशी, एकटी असताना लिव्हर नसते. तिला शेजार लागतो. एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला पित्ताची सूक्ष्म वाट, आजूबाजूला रक्तवाहिन्यांचं अस्तर धरणाऱ्या पेशी, जंतू गिळणाऱ्या कुफर पेशी, अ जीवनसत्त्व साठवणाऱ्या स्टेलेट पेशी. हा शेजार मोडला की ती काम टाकते. लिव्हर 'बनवणं' इतकं अवघड का, याचं निम्मं उत्तर त्या ताटलीत आहे.

उरलेलं निम्मं आकड्यांत आहे. मोठ्या माणसाचं लिव्हर सव्वा ते दीड किलोचं. त्यात १०,००० कोटींहून जास्त हिपॅटोसाइट. दर मिनिटाला त्यातून सुमारे दीड लिटर रक्त जातं, म्हणजे हृदयाने फेकलेल्या रक्ताचा जवळपास चौथा हिस्सा. त्यातलं तीन चतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल व्हेनमधून येतं, बाकी धमनीतून. शिवाय पित्ताची नळव्यवस्था वेगळी, आणि ती रक्तात कुठेही मिसळता कामा नये. रक्तापासून एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा लांब असलेल्या पेशीपर्यंत पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही. म्हणजे एकेका पेशीच्या अगदी अंगाला लागून केशवाहिनी हवी, तीही एवढ्या मोठ्या अवयवात सगळीकडे.

आमच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला आम्ही हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलमध्ये, पेशी मिसळून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचो. बाहेरून छान दिसायचे. चौथ्या दिवशी मधोमध कापले, की आत पांढुरकं, मेलेलं. कडेचा पातळ थर तेवढा जिवंत. मी असे किती तुकडे कापले असतील याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक वेळी सुरी लावताना वाटायचं, आज आतला रंग वेगळा निघेल.

ही धडपड सुरू झाली तीच लिव्हरसाठी. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हरला माणसात पहिलं लिव्हर प्रत्यारोपण केलं. ते तीन वर्षांचं मूल शस्त्रक्रियेतच रक्तस्रावाने गेलं. यश मिळायला १९६७ उजाडलं, आणि प्रत्यारोपण नेहमीचा उपचार व्हायला आणखी पंधरा-वीस वर्षं. पण उपचार रुळला तसा अवयवांचा तुटवडा उघडा पडला. बॉस्टनमधले जोसेफ व्हकांटी हे लहान मुलांची प्रत्यारोपणं करणारे सर्जन. यादीतली मुलं डोळ्यांसमोर जात होती, म्हणून त्यांनी रसायन-अभियंता रॉबर्ट लँगर यांना गाठलं: विरघळणाऱ्या पॉलिमरच्या सांगाड्यावर पेशी वाढवून अवयव करता येईल का? या दोघांचा १९९३ चा लेख 'टिश्यू इंजिनिअरिंग' या विषयाचा पाया मानतात. त्याला तीस वर्षं उलटली. या काळात प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा आणि कूर्चा रुग्णांपर्यंत गेली. लिव्हर गेलं नाही. त्वचा पातळ असते, कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. लिव्हर म्हणजे नखशिखांत रक्तवाहिन्या.

मग एक मोठी युक्ती निघाली. सांगाडा आपण कशाला बांधायचा? निसर्गाने बांधलेलाच घेऊ. मेलेल्या प्राण्याच्या लिव्हरमधून साबणासारखं रसायन हळूहळू सोडत राहिलं, की पेशी विरघळून वाहून जातात आणि कोलॅजन या चिवट प्रथिनाचा सांगाडा उरतो, रक्तवाहिन्यांच्या सगळ्या फांद्या-उपफांद्यांसह. २०१० मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटाने उंदराच्या लिव्हरवर हे करून त्यात नव्याने पेशी भरल्या. मी स्वतः हे पहिल्यांदा केलं तेव्हा तासन् तास काचेसमोरून हलले नाही. तपकिरी अवयव फिकट होत होत शहाळ्यातल्या मलईसारखा अर्धपारदर्शक झाला. त्यात निळा रंग सोडला तर झाडाच्या फांद्यांसारखी अख्खी जाळी उजळली. वाटलं, जमलं. आता यात पेशी ओतायच्या आणि झालं.

ते झालं नाही. सांगाड्यातल्या वाहिन्यांना आतून अस्तर नसलं, की रक्त लागल्याबरोबर गोठतं. म्हणून आधी प्रत्येक वाहिनीला अस्तराच्या पेशींनी आतून लिंपून काढावं लागतं. मग हिपॅटोसाइट भरायच्या, त्या आत सगळीकडे सारख्या पोहोचायला हव्यात. मग पित्तनलिका जुळायला हव्यात, नाहीतर पित्त तुंबून पेशी आपल्याच पित्तात मरतात. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या मिरोमॅट्रिक्स कंपनीने डुकराच्या लिव्हरचे सांगाडे घेऊन त्यांत माणसाच्या पेशी भरण्याचं काम बरंच पुढे नेलं. २०२३ च्या अखेरीस युनायटेड थेरप्युटिक्सने ती कंपनी विकत घेतली. त्यांनी माणसावरच्या चाचणीसाठी आधी काय निवडलं ते बघा: घडवलेलं लिव्हर पोटात बसवायचं नाही, पलंगाशेजारी बाहेर ठेवून रुग्णाचं रक्त त्यातून फिरवायचं, तेही अचानक लिव्हर निकामी झालेल्या रुग्णांत, थोड्या काळापुरतं. अमेरिकी औषध नियामकाने त्याला प्राथमिक चाचणीची परवानगी दिली. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते, आणि का ते पुढे येईल.

छपाईबद्दल थोडंच लिहिते, कारण व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. बायोप्रिंटरने पेशी आणि जेल थरावर थर रचता येतात. नासाने जाहीर केलेल्या स्पर्धेत एक सेंटिमीटरहून जाड, रक्तवाहिन्यांसारखे मार्ग असलेला ऊतीचा तुकडा ३० दिवस जिवंत ठेवायचा होता. २०२१ मध्ये पहिला आणि दुसरा क्रमांक पटकावणारे दोन्ही गट वेक फॉरेस्ट संस्थेतले होते आणि दोघांनीही लिव्हरच्या पेशी वापरल्या होत्या. एक सेंटिमीटर. आमच्या क्षेत्रात तो खरोखरच मोठा टप्पा आहे. तुमच्या भावाच्या पोटातलं लिव्हर आडवं वीत-दीड वीत असतं. आपल्याकडे बंगळुरूच्या पॅन्डोरम टेक्नॉलॉजीजने २०१५ मध्ये लिव्हरच्या ऊतीचे छापील नमुने तयार केले होते. तुम्ही वाचलेली बातमी अशाच एखाद्या कामाची असणार. असे तुकडे औषधांची विषारीपणाची चाचणी घ्यायला उत्तम उपयोगी पडतात, आणि तो उपयोग आजच सुरू आहे. २०२३ मध्ये आपल्या औषध-चाचणी नियमांतही प्राण्यांऐवजी अशा पद्धती वापरायला जागा करून दिली गेली. बातमीत 'लिव्हर तयार केलं' असं छापून येतं तेव्हा बहुतेक वेळा हे असं तांदळाच्या दाण्याएवढं, औषध तपासायचं लिव्हर असतं. बातमी खोटी नसते. तिचा आकार सांगायचा राहून गेलेला असतो.

आता पेशी आणायच्या कुठून? दात्याच्या लिव्हरमधून काढायच्या तर दाताच कमी आहेत, आणि आमच्यापर्यंत यायची ती नाकारलेली, बहुधा चरबी साठलेली. तशा लिव्हरच्या पेशी तेलकट, नाजूक, गोठवून पुन्हा वितळवल्या की निम्म्या जायच्या. म्हणून जपानच्या शिन्या यामानाका यांचा शोध आम्हाला वरदानासारखा वाटला. त्यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी मागे नेऊन भ्रूणासारख्या अवस्थेत आणल्या. या आयपीएस पेशी हव्या तेवढ्या वाढतात आणि त्यांना लिव्हरच्या वाटेला लावता येतं. २०१३ मध्ये योकोहामाच्या ताकानोरी ताकेबे यांनी त्यांच्यापासून, अस्तराच्या आणि आधारपेशींच्या सोबतीने, 'लिव्हरचे अंकुर' घडवले. उंदरात रोवल्यावर ४८ तासांत त्यांच्या रक्तवाहिन्या उंदराच्या रक्तवाहिन्यांना जोडल्या गेल्या. त्या लेखातली चित्रं आम्ही प्रयोगशाळेत भिंतीवर लावली होती.

अडचण अशी, की अशा पेशी पोरसवदाच राहतात. गर्भातल्या लिव्हरसारखं अल्फा-फीटोप्रोटीन बनवत बसतात, मोठ्या लिव्हरसारखी औषधं मोडत नाहीत. हे अल्फा-फीटोप्रोटीन म्हणजे तुमच्या भावाच्या रक्तात कॅन्सरवर लक्ष ठेवायला तपासतात तेच एएफपी. शिवाय मूळ अवस्थेतली एखादी पेशी तशीच राहून गेली तर तिची गाठ होण्याची भीती. आणि १०,००० कोटी पेशी, प्रत्येक घाण्याची शुद्धता तपासून, एका रुग्णासाठी वाढवणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही अफाट.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई तीस वर्षांच्या अपयशाची यादी वाचतेय. तसं अजिबात नाही. मला या क्षेत्राबद्दल आज जितकी आशा आहे तितकी विसाव्या वर्षीही नव्हती. बदल झालाय तो आम्ही काय मागतो यात. पूर्ण लिव्हर घडवण्याचा हट्ट बाजूला ठेवून अनेक गट आता विचारतात, की या रुग्णाला नेमकं किती लिव्हर, किती दिवसांसाठी हवंय?

कारण लिव्हरला एक देणगी आहे जी हृदयाला, मूत्रपिंडाला नाही. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये उंदराचं दोन तृतीयांश लिव्हर काढलं, आणि आठवडा-दहा दिवसांत ते पुन्हा जवळपास मूळ वजनाला आलं. जिवंत दात्याचं प्रत्यारोपण याच गुणावर उभं आहे. तेव्हा अचानक लिव्हर निकामी झालेल्या माणसाला कित्येकदा नवं लिव्हर लागत नाही. स्वतःचं लिव्हर उभं राहीपर्यंतचे आठ-दहा दिवस कुणीतरी भरून काढायला लागतं. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये अनिल धवन यांच्या गटाने नेमकं हेच केलं. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या बारीक मण्यांत माणसाच्या हिपॅटोसाइट बंद करून, ते मणी लिव्हर निकामी झालेल्या लहान मुलांच्या पोटाच्या पोकळीत सोडले. मण्यांच्या भिंतीतून पोषण आत जातं, प्रथिनं बाहेर येतात, पण रोगप्रतिकारक पेशी आत शिरू शकत नाहीत, म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची औषधं लागत नाहीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आठ मुलांपैकी चार मुलं प्रत्यारोपणाशिवाय बरी झाली, तिघांना प्रत्यारोपणापर्यंत पोहोचवता आलं, एक दगावलं. आठ ही फार छोटी संख्या आहे, आणि त्या चौघांतली काही एरवीही बरी झाली असती का, हे तुलनेचा गट नसताना ठरवता येत नाही. तरी मला हे काम या सगळ्या क्षेत्रातलं सर्वांत सुंदर वाटतं.

दुसरी जागा म्हणजे जन्मजात दोष, जिथे लिव्हर सगळं ठीक असतं, एकच एन्झाइम नसतं. १९९८ मध्ये अमेरिकेत क्रिग्लर-नजार हा आजार, ज्यात काविळीचं पिवळं द्रव्य बिलिरुबिन शरीराबाहेर टाकता येत नाही, असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला पोर्टल व्हेनमधून ७५० कोटी पेशी दिल्या, म्हणजे लिव्हरच्या साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. तिचं बिलिरुबिन जवळपास निम्म्यावर आलं, रोजचे निळ्या दिव्याखालचे तास कमी झाले. पुढे काही वर्षांनी प्रत्यारोपण लागलंच, पण पाच टक्के पेशींनी काय होतं हे जगाला दिसलं. २०२० मध्ये जपानमध्ये युरिया चक्रातला दोष असलेल्या सहा दिवसांच्या बाळाला भ्रूणमूळपेशींपासून तयार केलेल्या १९ कोटी लिव्हर पेशी दिल्या. उद्देश इतकाच, की अमोनिया चढून मेंदूला इजा होऊ नये आणि बाळ प्रत्यारोपण सोसण्याएवढं मोठं व्हावं. ते झालं, आणि नंतर त्याला वडिलांच्या लिव्हरचा भाग बसवला. तंत्रज्ञानाने प्रत्यारोपणाची जागा घेतली नाही, तिथवरचा पूल बांधला.

तिसरं, मिळालेली लिव्हरं वाया जाऊ न देणं. झ्यूरिकमध्ये २०२१ मध्ये इतर केंद्रांनी नाकारलेलं एक लिव्हर तीन दिवस यंत्रावर जिवंत ठेवून, उपचार करून, रुग्णाला बसवलं आणि ते टिकलं. केंब्रिजच्या गटाने त्याच वर्षी पित्ताशयातल्या पेशी वाढवून, यंत्रावर ठेवलेल्या मानवी लिव्हरच्या बिघडलेल्या पित्तनलिका दुरुस्त करून दाखवल्या. माझ्या मते टिश्यू इंजिनिअरिंगचा मोठा फायदा रुग्णांना आधी इथे मिळेल: नवीन लिव्हर बांधण्यात नाही, नाकारलेलं दुरुस्त करण्यात. मी उमेदीची सहा वर्षं नाकारलेली लिव्हरं विरघळवण्यात घालवली आहेत. त्यांतली काही वाचवता आली असती हे आज कळतं, तेव्हा जीव हळहळतो.

आता तुमच्या भावाकडे येऊ. सिरॉसिस या सगळ्यांत सर्वांत कठीण का? तिथे फक्त पेशी कमी झालेल्या नसतात. वर्षानुवर्षांच्या सुजेने लिव्हरमध्ये व्रणांच्या गाठी-पट्ट्या तयार होतात, रक्ताची वाट अडते आणि पोर्टल व्हेनमधला दाब वाढतो. पोटातलं पाणी आणि रक्ताची उलटी हे मुख्यतः त्या दाबाचे परिणाम. अशा लिव्हरमध्ये पोर्टल व्हेनमधून पेशी सोडल्या तर त्या आधीच अरुंद झालेल्या वाटा आणखी तुंबवतात, गुठळी होऊ शकते. आत सोडलेल्या पेशींना धरायला निरोगी जागाही उरलेली नसते. मोडक्या पाटात जास्त पाणी सोडून शेत भिजत नाही, तसंच. यावर एक धीट तोडगा निघालाय: पिट्सबर्गच्या एरिक लगॅस यांनी उंदरात दाखवलं, की लिव्हरच्या पेशी पोटातल्या लसिकाग्रंथीत टोचल्या तर तिथेच छोटंसं लिव्हर वाढतं. लायजेनेसिस कंपनीने २०२४ च्या मार्चमध्ये ह्यूस्टनमध्ये पहिल्या रुग्णाला एंडोस्कोपीने असं इंजेक्शन दिलं. हे रुग्ण प्रत्यारोपणाला अपात्र ठरलेले आहेत. एका नाकारलेल्या लिव्हरमधून अनेक रुग्णांना पुरतील इतक्या पेशी निघतात, हा त्यातला आकर्षक भाग. पण यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात, आणि पोर्टल दाबाचा प्रश्न शिल्लक राहतो. मी या चाचणीकडे डोळे लावून बसले आहे. तुम्ही बसू नका.

डोळे लावून बसल्यावर काय होतं तेही सांगते. एलाड नावाचं एक यंत्र होतं, मानवी लिव्हर-पेशींच्या नळकांड्यांतून रुग्णाचं रक्तद्रव फिरवणारं. कल्पना उत्तम, सुरुवातीचे रुग्ण सुधारल्यासारखे वाटले. २०१८ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला: जगण्याचं प्रमाण वाढलं नाही. काम बंद पडलं. त्याच काळात रक्तद्रव बदलण्याचा, म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंजचा, अगदी साधा उपाय मात्र टिकून राहिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८२ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत अचानक लिव्हर निकामी झालेल्यांमध्ये जगण्याचं प्रमाण सुमारे ४८ वरून ५९ टक्क्यांवर गेलं. उंदीर मारायच्या पेस्टमधल्या पिवळ्या फॉस्फरसने लिव्हर गेलेल्या रुग्णांसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हाच उपाय कमी प्रमाणात, कमी खर्चात वापरून दाखवलाय. आपल्या खेड्यापाड्यांत ही पेस्ट किती जीव घेते हे तुम्हाला मी सांगायला नको.

इंजेक्शनवाल्याबद्दल. तो म्हणतो त्या 'स्टेम सेल' बहुधा रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या असतात. ब्रिटनमध्ये सिरॉसिसच्या ८१ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला: अस्थिमज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरवणारं औषध आणि त्या पेशींची इंजेक्शनं देऊनही लिव्हर सुधारलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सिरॉसिससाठी अशी इंजेक्शनं मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देणं योग्य नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा त्याला दोनच गोष्टी विचारा: सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय आणि पैसे कशाचे? माझ्याकडे एका शेतकरी कुटुंबातला मुलगा वडिलांचे कागद घेऊन आला होता. एका खासगी केंद्रात तीन डोस झाले होते, एक एकर विकून. त्या सात महिन्यांत प्रत्यारोपणाची वेळ निघून गेली होती. कागद परत देताना त्याला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. तुमचा प्रश्न वाचून मी हे सगळं लिहायला बसले ते त्या मुलाच्या आठवणीने.

आता तुमच्या हातात काय आहे ते.

पहिलं म्हणजे हिपॅटायटिस बीवरची गोळी. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर चालू आहे का आणि विषाणूचं प्रमाण, म्हणजे डीएनए, शेवटचं कधी तपासलं? पोटात पाणी झाल्यावरही या औषधांनी कित्येकांचं लिव्हर सावरतं, पाणी आटतं, काहींची नावं प्रत्यारोपणाच्या यादीतून निघतात. स्वतःचं लिव्हर पुन्हा उभं करणं म्हणतात ते आज गोळीने सगळ्यात जास्त साधतं. पण तिला महिने लागतात, आणि ते महिने भावाकडे आहेत का हे मेल्ड स्कोअरवरून, म्हणजे रक्ततपासण्यांवरून आजाराची गंभीरता मोजणाऱ्या आकड्यावरून, डॉक्टर सांगतील. म्हणून गोळी आणि प्रत्यारोपणाची तयारी दोन्ही बरोबरच चालू द्या. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना एंडोस्कोपीने बँड लावलेत का, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते का, तेही पाहा.

दुसरं, भावजय. दात्याच्या लिव्हरवरची चरबी बऱ्याचदा दीड-दोन महिन्यांत खाली आणता येते. काटेकोर आहार, रोजचं चालणं, काही किलो वजन कमी, मग पुन्हा स्कॅन, गरज पडली तर बायॉप्सी. नाकारलेल्या कित्येक दात्या अशा पात्र ठरतात. तिला घरात कुणी 'तुझ्यामुळे अडलंय' असं म्हणू नये, एवढं बघा. उजव्या भागाचं दान ही तिच्यासाठीही मोठी शस्त्रक्रिया आहे, दात्याच्या मृत्यूचा धोका हजारात साधारण दोन ते पाच. आपल्या देशात बहुतेक लिव्हरं जिवंत दात्यांकडून येतात, आणि जिवंत दात्यांमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. निरोगी बाईच्या पोटाला सुरी लागू नये, हेही माझ्या प्रयोगशाळेतल्या कामाचं एक कारण आहे. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करण्याची सोय कायद्यात आहे. २०११ च्या दुरुस्तीनंतर जवळच्या नातेवाइकांत आजी-आजोबा आणि नातवंडंही येतात.

तिसरं, मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव. ते तुम्ही परस्पर लावू शकत नाही, प्रत्यारोपणाचा परवाना असलेल्या रुग्णालयामार्फत विभागीय केंद्रात, म्हणजे झेडटीसीसीत लागतं. तुमच्यासाठी पुण्याचं केंद्र जवळचं. खासगी रुग्णालयात खर्च २० ते ३० लाखांच्या घरात जातो, तेव्हा सरकारी योजना आणि धर्मादाय निधी यांची चौकशी तिथल्या समाजसेवकाकडे आत्ताच करा, तारीख ठरल्यावर नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रश्नात कुठे आलीच नाही. हिपॅटायटिस बी आपल्याकडे बऱ्याचदा आईकडून बाळाला जन्माच्या वेळी होतो, आणि तीस-चाळीस वर्षं काहीही जाणवू देत नाही. तुम्ही त्याच आईचे. एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी आहे, सरकारी रुग्णालयात होते. तुमची, आईंची, बाकी भावंडांची, भावाच्या मुलांची आणि भावजयीची, सगळ्यांची या आठवड्यात करून घ्या. निगेटिव्ह असतील त्यांना लस द्या. पॉझिटिव्ह निघेल त्याला लवकर गोळी सुरू झाली तर तो या वाटेला जाणारच नाही. आणि तुमची निगेटिव्ह आली, वय पन्नाशीच्या आत असलं आणि रक्तगट जुळला, तर दाता म्हणून तुमचीही तपासणी होऊ शकते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेही विचारा.